लाँग आयर्न की हायब्रिड? बॉल किती लांब गेला यापेक्षा कसा उतरला ते बघा

ऑगस्ट 2009. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं हेझल्टीन नॅशनल हे गोल्फचं मैदान, पीजीए चॅम्पियनशिपचा शेवटचा दिवस आणि शेवटचं होल. दक्षिण कोरियाचा वाय. ई. यांग एका फटक्याने पुढे होता. सोबत खेळत होता टायगर वुड्स. मेजर, म्हणजे गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकीत, तीन दिवसांनंतर आघाडीवर असताना तो तोवर एकदाही हरला नव्हता, चौदाच्या चौदा वेळा जिंकला होता. यांगसमोर ग्रीन, म्हणजे होलभोवतालचा बारीक कापलेल्या गवताचा भाग, दोनशे यार्डांहून थोडं लांब आणि वाटेत झाडाची आडकाठी. त्याने बॅगेतून 3 हायब्रिड हा क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी, काढला. बॉल झाडावरून उंच गेला, ग्रीनवर उतरला आणि होलपासून दहा-बारा फुटांवर थांबला. बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) झाली, यांग तीन फटक्यांनी जिंकला. मेजर जिंकणारा तो आशियात जन्मलेला पहिला पुरुष खेळाडू.

यात दोनशे यार्डांचं फारसं नवल नाही. त्या दर्जाचा खेळाडू 3 आयर्ननेही तेवढं अंतर सहज मारतो. नवल आहे ते बॉल थांबला याचं. लाँग आयर्न ठेवावं की हायब्रिड घ्यावं, हा वाद क्लबहाऊसमध्ये बहुतेक वेळा "कुठलं लांब जातं" इथेच अडकतो. खरं विचारायला हवं ते हे की बॉल किती उंच गेला आणि किती उभा उतरला. उत्तर त्यावर ठरतं.

आधी थोडी ओळख करून घेऊ. नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त 14 क्लब ठेवता येतात. एका टोकाला लांब मारणारे ड्रायव्हर आणि फेअरवे वूड, दुसऱ्या टोकाला जवळच्या उंच फटक्यांचं वेज आणि ग्रीनवर बॉल घरंगळवायचा पटर, मधली सगळी जागा आयर्न्सची. आयर्नवरचा आकडा जितका लहान, तितका शाफ्ट (दांडा) लांब आणि फेस, म्हणजे बॉलला लागणारा पृष्ठभाग, उभा. फेसच्या या तिरकेपणाला लॉफ्ट म्हणतात आणि तो अंशांत मोजतात. साधारण 1 ते 4 नंबरची आयर्न्स ती लाँग आयर्न्स. 1 आयर्न आता दुकानात दिसतही नाही. गोल्फर ली ट्रेव्हिनोवर एकदा खरोखर वीज पडली होती. मैदानावर वीज कडाडू लागली तर 1 आयर्न आकाशाकडे धरून उभं राहा, कारण 1 आयर्न देवालाही मारता येत नाही, हा त्याचा विनोद गोल्फमध्ये अजून फिरतो.

हायब्रिड हे नावाप्रमाणे संकरित. डोकं फेअरवे वूडसारखं फुगीर आणि पोकळ, पण लहान. शाफ्टची लांबी आयर्न आणि वूडच्या मधली. या जातीचे प्रयोग 1970 च्या दशकापासून चालू होते, पण घरोघरच्या बॅगेत हायब्रिड पोहोचलं ते 2000 नंतर.

आकड्यावर विश्वास ठेवू नका

पुढे जायच्या आधी एक गोम सांगायला हवी. क्लबवर कोरलेल्या आकड्याला कुठलंही अधिकृत माप नाही. 1970 च्या दशकातल्या सेटमध्ये 3 आयर्नचा लॉफ्ट साधारण 24 अंश असे, 5 आयर्नचा 32 च्या आसपास आणि 7 आयर्नचा 40 च्या जवळ. आज नवशिक्यांसाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच सेटमध्ये 7 आयर्न 28 ते 30 अंशांचं असतं आणि 5 आयर्न 23-24 अंशांचं. म्हणजे तुमच्या हातातलं 5 आयर्न हे तुमच्या काकांच्या सेटमधलं 3 आयर्न आहे. त्यावर आकडा फक्त 5 चा आहे.

कंपन्यांची बाजू अगदीच खोटी नाही. नव्या आयर्न्सचं वजन खाली आणि मागे सरकवलेलं असल्यामुळे बॉल तसाही जास्त उंच जातो, मग तो फार उंच जाऊ नये म्हणून लॉफ्ट कमी करतात. पण ही भरपाई मधल्या नंबरांना जितकी लागू पडते तितकी लांब नंबरांना पडत नाही. "मी लाँग आयर्न वापरतच नाही" असं सांगणाऱ्याच्या बॅगेत 5 आयर्नच्या वेषात लाँग आयर्न बसलेलं असू शकतं. म्हणून आधी आपल्या सेटचे लॉफ्ट कंपनीच्या वेबसाइटवर बघा. पुढचा सगळा हिशेब अंशांचा आहे, आकड्यांचा नाही.

लाँग आयर्न अवघड का जातं

गोल्फचा बॉल उंच जातो तो दोन गोष्टींमुळे. एक, तो फेसवरून कुठल्या कोनात निघतो. दुसरी, त्याला मिळणारी उलटी फिरकी, म्हणजे बॅकस्पिन. फिरणाऱ्या बॉलवरून हवा जाते तेव्हा बॉल तिला खाली ढकलतो आणि हवा बॉलला वर उचलते. लॉफ्ट कमी असलेल्या क्लबने बॉल सपाट निघतो. अशा वेळी त्याला उचलून धरायचं काम फिरकीने आणि वेगाने करायचं असतं, आणि फिरकीसुद्धा बऱ्याच अंशी वेगातूनच येते.

इथेच हौशी खेळाडूचं घोडं पेंड खातं. बॉलचं उड्डाण मोजणाऱ्या ट्रॅकमॅन रडारच्या प्रसिद्ध सरासऱ्या बघितल्या तर पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतला खेळाडू 3 आयर्न ताशी 98 मैलांच्या आसपास वेगाने फिरवतो. बॉल हवेतून 210 यार्डांच्या आसपास जातो आणि 45 अंशांहून जास्त कोनात उतरतो. हौशी पुरुष खेळाडूच्या ड्रायव्हरचा सरासरी वेग ताशी 93 मैलांच्या आसपास आहे. नीट वाचा: त्यांचं 3 आयर्न आपल्या ड्रायव्हरपेक्षा वेगात फिरतं. आपण 3 आयर्न फिरवतो तेव्हा वेग आणखी खाली येतो. बॉल सपाट निघतो, त्याला धरून ठेवायला फिरकी पुरत नाही, तो लवकर खाली येतो आणि तिरका येतो. ग्रीनवर पडलाच तर सरळ पलीकडे पळतो.

ग्रीनवर बॉल थांबायला उतरण्याचा कोन 45 अंशांच्या आसपास हवा, असं ढोबळपणे धरतात. मऊ ग्रीनवर थोडा कमी चालतो, कडक ग्रीनवर जास्त लागतो. ज्याचा वेग कमी त्याला हा कोन कमी लॉफ्टच्या आयर्नमधून मिळणं जवळपास अशक्य. स्विंग कितीही देखणा असो. लाँग आयर्न जमत नाही म्हणून शिकवणीवर शिकवणी लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, प्रत्येक वेळी दोष तंत्राचा नसतो.

दुसरी अडचण डोक्याच्या घडणीची. आयर्नचं डोकं पातळ असतं, त्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य फेसच्या अगदी लगत असतो. बॉल बरोबर मध्यावर लागला तर उत्तम. जरा टोकाकडे लागला की डोकं वळतं आणि वेग गळतो. क्रिकेटमध्ये बॉल बॅटच्या कडेला लागला की मूठ हातात फिरते, तसंच. आणि हौशी खेळाडूचा बॉल जमिनीवरून मारताना बहुधा फेसच्या खालच्या भागात लागतो. आयर्नमध्ये ती जागा गुरुत्वमध्याच्या खाली येते. मग वेग आणखी कमी, हाताला झिणझिण्या, आणि बॉल गुडघाभर उंचीने पळत सुटतो.

हायब्रिड वेगळं काय करतं

हायब्रिडचं डोकं मागे पसरलेलं असतं, त्यामुळे वजन फेसपासून मागे आणि खाली नेता येतं. या एका बदलातून तीन फायदे निघतात.

गुरुत्वमध्य खाली गेल्यामुळे फेसवर थोडा खाली लागलेला बॉलही वर चढतो. गुरुत्वमध्य मागे गेल्यामुळे खाली येताना डोकं शाफ्टला किंचित पुढे वाकवतं आणि बॉल लागतो त्या क्षणी प्रत्यक्ष लॉफ्ट थोडा वाढतो. म्हणून 22 अंशांचं हायब्रिड 22 अंशांच्या आयर्नपेक्षा उंच उडतं. तिसरं म्हणजे वजन कडांकडे पसरल्यामुळे फटका चुकला तरी डोकं कमी वळतं. दोनशे यार्डांचा चुकलेला फटका 190 वर पडणं आणि 160 वर पडणं यात एका बंकरचा, म्हणजे वाळूच्या खड्ड्याचा, फरक असतो.

याशिवाय सोल, म्हणजे क्लबचा तळ, रुंद आणि गोलसर असतो. बॉलच्या थोडं मागे जमिनीला लागलं तर आयर्नची धार मातीत रुतते, हायब्रिडचा तळ घसरून पुढे जातो. मला विचाराल तर सामान्य खेळाडूला खरा फायदा इथे होतो. जाहिरातीत मात्र फेसच्या पोलादाचं कौतुक जास्त असतं.

रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, काय होतं, हा प्रश्न आपल्याकडे महत्त्वाचा. महाराष्ट्रात मैदानांवर बर्म्युडा गवत भरपूर, म्हणजे आपली हरळी. हिची काडी चिवट असते आणि बॉल तिच्यात खाली बसतो. आयर्नचं पातळ डोकं त्यातून नेताना गवत हॉझलला, म्हणजे शाफ्ट जिथे डोक्यात बसतो त्या नळीला, वेढा घालतं. फेस डावीकडे मिटतो आणि बॉल वळून भलतीकडे जातो. हायब्रिडचं डोकं गवत बाजूला सारत जातं. पावसाळ्यात पुण्या-मुंबईकडे हे जास्त जाणवतं. रफ ओलं, फेअरवे (मधला कापलेला पट्टा) मऊ, बॉल पडल्यावर पुढे घरंगळत नाही. जेवढं हवेतून जाईल तेवढंच पदरात पडतं. लाँग आयर्नचा सपाट फटका या दिवसांत अगदी निरुपयोगी ठरतो. अर्थात घोट्यापर्यंत गवतात बॉल बुडाला असेल तर हायब्रिडही कामाचं नाही. वेज घ्या, बॉल फेअरवेवर आणा, पुढचं पुढे.

कमी वेगाचा खेळाडू या हत्याराच्या जोरावर कुठवर जाऊ शकतो, हे टोकियो ऑलिंपिकमध्ये दिसलं. 2021 मध्ये झालेल्या त्या स्पर्धेत बेंगळुरूची अदिती अशोक चौथी आली, ब्राँझ एका फटक्याने हुकलं. ती लांब ड्राइव्ह मारणाऱ्यांपैकी नाही. इतर जणी छोट्या आयर्नने ग्रीन गाठायच्या तिथे तिला कित्येकदा लांबचा क्लब घ्यावा लागायचा. बॉल ग्रीनवर उभा उतरवता आला म्हणून ते अंतर तिला नडलं नाही, आणि मग पटिंग होतंच.

मग लाँग आयर्न कोणी ठेवावं

ठेवावं अशीही माणसं आहेत, आणि हायब्रिडचे भक्त हे मान्य करत नाहीत.

पहिली, ज्यांचा बॉल आधीच डावीकडे पळतो. (मी उजव्या हाताने खेळणाऱ्यांबद्दल लिहितोय, डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.) बरीच हायब्रिड्स बॉल उजवीकडे निसटणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली असतात. शाफ्ट लांब आणि हलका, डोक्याची बैठक थोडी उभी, त्यामुळे फेस लवकर मिटतो. हुक, म्हणजे डावीकडे वळणारा फटका, मारणाऱ्या खेळाडूला असं हायब्रिड दिलं की बॉल थेट शेजारच्या फेअरवेवर. त्याने जड शाफ्टचं, फेस सरळ बसणारं हायब्रिड शोधावं, नाहीतर आयर्नच बरं.

दुसरी, ज्यांच्याकडे खरोखर वेग आहे. त्यांना हायब्रिड गरजेपेक्षा उंच जातं आणि अंतराचा भरवसा राहत नाही.

तिसरं कारण वाऱ्याचं आणि कडक जमिनीचं. 2006 ची ओपन चॅम्पियनशिप इंग्लंडमध्ये हॉयलेकच्या रॉयल लिव्हरपूलवर झाली. तो उन्हाळा इतका कोरडा होता की फेअरवे तपकिरी पडले होते आणि बॉल पडल्यावर पळतच सुटायचा. टायगर वुड्सने चार दिवसांत, 72 होलमध्ये, ड्रायव्हर फक्त एकदा काढला. टी-वरून, म्हणजे होलच्या पहिल्या फटक्याला, बहुतेक लाँग आयर्न, बॉल खाली ठेवायचा, बंकरच्या अलीकडे सोडायचा, उरलेलं अंतर जमीन कापून देईल. तो जिंकला. पण हे मुख्यतः टी-वरचं काम होतं, जिथे बॉल थांबवायचा नसतो, पळवायचा असतो. हा भेद लक्षात ठेवला की वाद निम्मा मिटतो: टी-वरून फेअरवे शोधायला लाँग आयर्न शहाणपणाचं असू शकतं, आणि त्याच खेळाडूला ग्रीनवर उतरायला हायब्रिड.

या दोन टोकांच्या मधे युटिलिटी आयर्न आहे. दिसायला आयर्न, पण आतून पोकळ आणि सोल रुंद. सपाट बॉल मारायचा आहे, पण पातळ ब्लेडची भीती वाटते, अशांसाठी. आणि दुसऱ्या बाजूला 7 वूड. ते हायब्रिडपेक्षाही उंच उडतं आणि मऊ उतरतं. एके काळी त्याला म्हाताऱ्यांचा क्लब म्हणून हसायचे. आता टूरवरचे तगडे खेळाडूही ते वापरतात. वाऱ्यात मात्र ते फार वर चढतं.

स्वतःचं स्वतः कसं ठरवायचं

सोपी परीक्षा आहे. चांगल्या बॉलने 6, 5 आणि 4 आयर्नचे दहा-दहा फटके मारा. सरावाच्या रेंजवरचे झिजलेले बॉल खोटं सांगतात, शक्यतो ते टाळा. सगळ्यात चांगले दोन आणि सगळ्यात वाईट दोन सोडून द्या. उरलेल्यांची बॉल पडला तिथपर्यंतची अंतरं लिहा. घरंगळत गेला ते नको, फक्त हवेतलं. नीट सेटमध्ये दोन आयर्न्समध्ये 10 ते 15 यार्डांचा फरक यायला हवा. 5 आणि 4 मधला फरक चार-पाच यार्डांवर आला असेल तर तुमचा वेग त्या लॉफ्टला पुरत नाही आणि 4 आयर्न नुसतं ओझं आहे. बऱ्याच जणांची गाडी 6 आणि 5 मध्येच अडते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, वर सांगितलेला आकड्यांचा घोळ आठवा.

लाँच मॉनिटर, म्हणजे बॉलचं उड्डाण मोजणारं यंत्र, असलेल्या दुकानात जाता आलं तर उतरण्याचा कोन आणि उंची हे दोन रकाने बघा. दुकानदार तुम्हाला एकूण अंतर दाखवेल, कारण विक्री त्यावर होते.

हे जमणार नसेल तर माझा ढोबळ ठोकताळा घ्या. 7 आयर्न हवेतून 150 यार्ड जात नसेल तर 25 अंशांपेक्षा कमी लॉफ्टचं आयर्न बॅगेत ठेवू नका. 130 सुद्धा जात नसेल तर 28 अंशांपर्यंत हायब्रिड किंवा छोट्या वूडकडे वळा.

अदलाबदल करताना सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे 4 आयर्न काढून डोळे मिटून 4 हायब्रिड घेणं. हायब्रिडचा शाफ्ट लांब आणि फेस जास्त उसळी देणारा, त्यामुळे त्याच लॉफ्टला ते आयर्नपेक्षा बऱ्याचदा पाच-दहा यार्ड पुढे जातं. मग खाली 5 आयर्न 165 ला, वर हायब्रिड 190 ला, आणि मधल्या अंतराला हातात काहीच नाही. कोरलेला नंबर विसरा. तुम्हाला 178 ला बॉल टाकणारं हायब्रिड हवंय, मग त्यावर 4 लिहिलेलं असो की 5. वरच्या बाजूलाही बघा: हायब्रिड आणि 5 वूड एकाच अंतरावर पडत असतील तर चौदातली एक जागा फुकट गेली.

मारायचं कसं, तर आयर्नसारखं. डोकं वूडसारखं दिसतं म्हणून लोक ते जमिनीवरून झाडू मारल्यासारखं ओढतात किंवा बॉल वर उचलायला जातात आणि टॉप करतात, म्हणजे क्लब बॉलच्या वरच्या भागाला लागतो. बॉल स्टान्सच्या, म्हणजे दोन पावलांमधल्या अंतराच्या, मध्यापासून थोडा पुढे ठेवा, किंचित खाली जाणारा फटका मारा, बॉलच्या पुढे गवताचा पातळ पापुद्रा निघाला तर उत्तम. उचलायचं काम क्लबवर सोडा, त्यासाठीच पैसे मोजलेत.

हायब्रिडचा एक उपयोग पुष्कळ जण कधी करून बघतच नाहीत. 2004 ची ओपन स्कॉटलंडमधल्या रॉयल ट्रूनवर टॉड हॅमिल्टन या फारशा नाव नसलेल्या अमेरिकन खेळाडूने प्लेऑफमध्ये एर्नी एल्सला हरवून जिंकली. त्या आठवड्यात ग्रीनच्या भोवताली तो वेजऐवजी हायब्रिड घेऊन पटरसारखा छोटा फटका मारत होता. लॉफ्ट जेमतेम असल्याने बॉल गवतावरून अलगद सुटतो आणि मग पळतो, आणि रुंद सोलमुळे क्लब रुतत नाही. उन्हाळ्यात ग्रीनच्या कडेची जमीन टणक होते, गवत विरळ होतं आणि वेज हातात घेतलं की धडधडायला लागतं, तेव्हा हे करून बघा. ग्रिप खाली, जवळजवळ शाफ्टपर्यंत धरा, बॉलच्या जवळ उभे राहा, मनगट न मोडता पटसारखा झोका द्या. पटरपेक्षा बॉल जोरात सुटतो, म्हणून पहिले पाच-सहा सरावाच्या ग्रीनवर मारून घ्या.